पहिल्या पानावर कोण बोलतं?

१ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये मेरी शेलीची कादंबरी 'फ्रँकेन्स्टाईन' प्रसिद्ध झाली. तीन भाग, अवघ्या ५०० प्रती, आणि शीर्षकपृष्ठावर लेखिकेचं नाव नाही. 'किंवा आधुनिक प्रोमिथियस' (प्रोमिथियस म्हणजे ग्रीक पुराणात मातीतून माणूस घडवणारा) या उपशीर्षकाखाली इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यातल्या तीन ओळी तेवढ्या छापलेल्या होत्या. त्यांचा आशय असा : हे निर्मात्या, माझ्या मातीतून मला माणूस घडव असं मी तुझ्याकडे मागितलं होतं का? अंधारातून मला वर आण म्हणून तुझी विनवणी केली होती का?

या कादंबरीतल्या महत्त्वाच्या अवतरणांच्या याद्या परीक्षेच्या निमित्ताने मुलांच्या हाती पडतात, त्यांत या ओळी बहुतेक वेळा मागे पडतात. त्या मेरी शेलीच्या नाहीत, उसन्या आहेत, हे कारण असावं. मला मात्र सुरुवातीच्या पानांतली उसनी वाक्यंच सगळ्यांत बोलकी वाटतात. स्वतःचं वाक्य लिहिताना लेखक ते आपल्या गोष्टीच्या मापाने बेततो. दुसऱ्याचं वाक्य उचललं की त्याच्यामागून त्याचं सगळं गणगोत आत येतं : त्याआधी कोण काय बोललं होतं, नंतर काय घडलं, प्रश्नाला उत्तर मिळालं की नाही. मेरी शेलीला हे पक्कं ठाऊक होतं असं मी ही पानं पुन्हा पुन्हा वाचून म्हणते आहे.

तर मिल्टनच्या या ओळी. दहाव्या सर्गात आदम, बायबलमधला पहिला माणूस, त्या बोलतो. निषिद्ध फळ खाऊन झालं आहे, शिक्षा सुनावली गेली आहे, आणि तो दाट सावलीत एकटा विलाप करतो आहे. आपल्यामुळे पुढच्या साऱ्या पिढ्यांच्या वाट्याला मरण आलं, या विचाराने त्याला ग्रासलं आहे. त्या तिरीमिरीत तो थेट देवालाच जाब विचारतो.

आता कादंबरीची रचना आठवा. सगळ्यांत बाहेर उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेल्या कॅप्टन वॉल्टनची पत्रं, बहिणीला लिहिलेली. त्या पत्रांच्या आत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईनची कहाणी. त्या कहाणीच्या आत व्हिक्टरने घडवलेल्या जीवाची कहाणी. तो जीव आपल्या तोंडाने बोलू लागतो तोवर कादंबरीचा बराच भाग उलटून गेलेला असतो, आणि तेही आपण व्हिक्टरकडून ऐकलेलं, वॉल्टनने टिपून घेतलेलं ऐकत असतो. त्याचा आवाज असा दोन भिंतींच्या आड ठेवला आहे. त्याला नावसुद्धा नाही. व्हिक्टर त्याला राक्षस, सैतान, काय वाटेल ते म्हणतो.

पण शीर्षकपृष्ठावर बोलतं कोण? निर्मात्याला 'मला का घडवलंस' असं विचारणारा. वॉल्टनने लेखणी उचलण्याआधी, व्हिक्टरने आपल्या घराण्याचं कौतुक सांगायला सुरुवात करण्याआधी, सगळ्यांत शेवटी ज्याला बोलायला मिळायचं त्याचं म्हणणं सगळ्यांत पहिल्यांदा आपल्यासमोर येतं. दोन्ही भिंतींच्या बाहेर. मेरी शेलीने या पुस्तकात त्या जीवावर केलेला सगळ्यांत मोठा उपकार हाच, असं मला वाटतं. पुढे व्हिक्टर कितीही मधाळ बोलला तरी हा प्रश्न आपण आधी ऐकलेला असतो.

आणखी एक गोष्ट मला कळली ती 'पॅरडाइज लॉस्ट'चा तो सर्ग काढून पुढच्या ओळी वाचल्यावर. मिल्टनचा आदम प्रश्न विचारून तिथेच थांबत नाही. थोड्याच ओळींनंतर तो स्वतःलाच उलटं विचारतो : उद्या तुझ्या मुलाने आज्ञा मोडली, तू रागावलास, आणि तो म्हणाला की मला जन्माला का घातलंस, मी कुठे मागितलं होतं, तर तू ते ऐकून घेशील? असं घासत घासत शेवटी तो देवाला दोषातून मोकळं करतो. सगळा वाद घालून झाल्यावर त्याला तसं करणं भाग पडतं, असं मिल्टन लिहितो. म्हणजे मूळ काव्यात या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते उत्तर निर्मात्याच्या बाजूचं आहे.

मेरी शेलीने कात्री नेमकी प्रश्नावर लावली. पुढचं माफ करणं तिने पानावर येऊ दिलं नाही. 'पॅरडाइज लॉस्ट' तिच्या घरात त्या वर्षांत वाचलं जात होतं, तिच्या रोजनिशीत तशा नोंदी आहेत. पुढे काय येतं हे तिला माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही. उत्तर माहीत असताना तिने फक्त प्रश्न घेतला.

पुढचं पान अर्पणपत्रिकेचं. पुस्तक अर्पण केलं आहे विल्यम गॉडविन यांना, 'पोलिटिकल जस्टिस' आणि 'केलेब विल्यम्स'चे लेखक म्हणून. ते आपले वडील आहेत हे तिथे कुठेही लिहिलेलं नाही. लिहिता येणारही नव्हतं, कारण पुस्तक निनावी होतं. पण ते तिचे वडील होते. १८१४ च्या जुलैमध्ये, सोळा वर्षांची असताना, ती कवी पर्सी शेलीबरोबर घरातून निघून गेली, आणि १८१६ च्या डिसेंबरअखेर दोघांचं लग्न होईपर्यंत गॉडविन यांनी तिच्याशी संबंध तोडले होते. या काळात पर्सीकडून पैशांची अपेक्षा मात्र त्यांनी सोडली नव्हती. आई, मेरी वॉलस्टनक्राफ्ट, मुलीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, १० सप्टेंबर १७९७ रोजी वारली होती.

एका पानावर 'मला घडव असं मी मागितलं होतं का?' आणि नंतरच्या पानावर वडिलांचं नाव, आदराने. ही दोन पानं मी जोडूनच वाचते. यात सूड आहे असं मला म्हणायचं नाही. वडिलांविषयीचा आदर खरा होता, त्यांच्या विचारांची छाप कादंबरीभर दिसते. पण ज्या मुलीला वडिलांनी दारं बंद केली होती तिने निर्मात्याला विचारलेला प्रश्न आधी ठेवला आणि नमस्कार नंतर केला, हा क्रम डोळ्याआड करणं मला जमत नाही. १८१५ मध्ये तिची स्वतःची पहिली मुलगी, महिने पुरे होण्याआधी जन्मलेली, काही दिवसांतच गेली. बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीपुढे चोळल्यावर ते जिवंत झालं, असं स्वप्न पडल्याचं तिने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. जन्म देणारी आणि जन्माला आलेली, दोन्ही बाजूंनी हा प्रश्न तिच्या अंगावरून गेलेला होता.

त्यानंतर येते प्रस्तावना, आणि तिथे आवाज एकदम बदलतो. ती पर्सीने लिहिली, मेरीच्या वतीने, आणि तिची सुरुवात डॉ. डार्विन आणि जर्मन शरीरशास्त्रज्ञांच्या हवाल्याने होते : अशी घटना अगदीच अशक्य नाही, वगैरे. इरॅस्मस डार्विन, चार्ल्सचे आजोबा. प्रस्तावना हुशारीची आहे, पण मिल्टनच्या ओळींनंतर ती मला थोडी अनाठायी वाटते. घडवता येईल का, हा पर्सीचा प्रश्न. घडवल्यानंतर काय, हा मेरीचा.

मग वॉल्टन. त्याच्या पहिल्या पत्राचं पहिलंच वाक्य बहिणीला दिलासा देणारं आहे : ज्या मोहिमेबद्दल तुझ्या मनात इतक्या अभद्र शंका होत्या ती कोणत्याही अरिष्टाशिवाय सुरू झाली, हे ऐकून तुला आनंद होईल. या वाक्याने मार्गारेट सॅव्हिल न बोलता पुस्तकात हजर होते. तिला धोका दिसला होता, आणि भावाने तो कानाआड केला आहे. माहेरचं वॉल्टन धरलं तर तिची आद्याक्षरं एम, डब्ल्यू, एस अशी येतात, मेरी वॉलस्टनक्राफ्ट शेलीचीही तीच, हे अनेकांनी दाखवून दिलं आहे. माझी अशा आद्याक्षरांच्या खेळावर फारशी भिस्त नाही, पण इथे ती जागा फार बरोबर आहे : सगळी पत्रं जिच्याकडे जातात ती वाचणारी बाई.

याच पत्रात वॉल्टन सांगतो की तारुण्यात तो कवी झाला होता आणि वर्षभर स्वतःच निर्माण केलेल्या स्वर्गात राहिला. इथे तो मिल्टनचं नाव घेत नाही, आणि हे अवतरणही नाही. पण काही पानं मागे स्वर्गातून हाकलल्या गेलेल्याचा विलाप आपण वाचला आहे. त्यानंतर कुणी स्वतःच्या हाताने घडवलेल्या स्वर्गाबद्दल इतक्या सहज बोलू लागला की पाल चुकचुकते. दुसऱ्या पत्रात तो म्हणतो, मार्गारेट, मला मित्र नाही. यशाच्या आनंदात वाटेकरी नाही, निराशेत धीर द्यायला कुणी नाही. व्हिक्टरने घडवलेला जीव पुढे जे रडतो ते अगदी हेच. वॉल्टनकडे बहीण आहे, जहाज आहे, खलाशी आहेत, तरीही.

दुसऱ्या पत्राच्या शेवटाकडे इंग्रज कवी कोलरिज यांची म्हाताऱ्या खलाशाची कविता येते. मी अज्ञात प्रदेशात निघालो आहे, 'धुक्याच्या आणि बर्फाच्या मुलुखात', पण मी अल्बट्रॉस मारणार नाही, तेव्हा माझी काळजी करू नकोस. बहिणीला हसवण्यासाठी लिहिलेलं वाक्य. कविता ठाऊक असलेल्या वाचकाला ते हसवत नाही. जहाजाच्या सोबतीला आलेला पक्षी खलाशी काही कारण नसताना मारतो, आणि त्या एका कृत्यापायी सगळे सोबती मरतात. तो एकटा उरतो, आणि पुढे गावोगाव फिरून लोकांना अडवून आपली गोष्ट सांगत राहतो.

'धुक्याच्या आणि बर्फाच्या मुलुखात' हे शब्द कवितेत पहिल्यांदा नेमके कुठे येतात ते मी शोधलं, आणि तिथे मी बराच वेळ थांबले. जहाजाला छळणारा एक आत्मा पाण्याखाली नऊ वाव खोलवरून, धुक्याच्या आणि बर्फाच्या मुलुखापासून त्यांच्या मागे आला आहे, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे वॉल्टनने उचललेले शब्द प्रदेशाच्या वर्णनातले नाहीत, पाठलागाच्या वर्णनातले आहेत. आणि या कादंबरीत बर्फावर काय घडतं? पाठलागच. चौथ्या पत्रात खलाशांना दूरवर घसरगाडीवरून जाणारी एक प्रचंड आकृती दिसते, आणि दुसऱ्या सकाळी तिचा माग काढत निघालेला, मरणाच्या दारात पोचलेला एक माणूस जहाजावर येतो. बहिणीला धीर देण्यासाठी वापरलेल्या शब्दांत येणारं संकट दडलं होतं, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

वॉल्टन स्वतःला त्या खलाशाच्या जागी बघतो, हीसुद्धा त्याची गफलत. त्या कवितेत लग्नाला निघालेल्या एका पाहुण्याला म्हातारा खलाशी रस्त्यात अडवतो आणि गोष्ट ऐकायला लावतो. वॉल्टन तो पाहुणा आहे. ज्याने जीवाशी अपराध केला आणि आता ज्याला सांगितल्यावाचून राहवत नाही तो खलाशी दुसऱ्या सकाळी जहाजावर येतो, आणि त्याचं नाव व्हिक्टर.

कोलरिज गॉडविन यांच्या घरी येत असत. त्यांनी ही कविता म्हटली तेव्हा छोटी मेरी सोफ्यामागे लपून ऐकत होती, असं सांगतात. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत तिने या जागी मजकूर वाढवला. तिथे वॉल्टन कबूल करतो की समुद्राची ओढ आपल्याला लागली ती या कवितेमुळेच. याने ती जागा आणखी गडद होते. अपराधाची आणि पश्चात्तापाची कविता वाचून या माणसाला प्रवासाची हौस आली! चौथ्या पत्रात ३१ जुलैला सोमवार असल्याचं येतं, त्यावरून अभ्यासकांनी साल १७९७ ठरवलं आहे. ते मेरीच्या जन्माचं साल. कोलरिजची कविता मात्र १७९८ मध्ये छापून आली. कॅलेंडर जुळत नाही म्हणून कुणी तिला बोल लावला तर मी मेरीची बाजू घेईन. तिला तो पक्षी हवा होता.

हीच कविता पुन्हा येते ती व्हिक्टरच्या तोंडी, जर्मनीतल्या इंगोल्श्टाटमध्ये, त्याने जीव ओतला त्या नोव्हेंबरच्या रात्रीनंतरच्या सकाळी. पिवळे डोळे उघडलेले पाहून तो खोलीतून पळाला आहे, भर पावसात रस्त्यांवरून भटकतो आहे, आणि त्याला त्या ओळी आठवतात : एकाकी वाटेवर भीतीने चालणारा माणूस, एकदा मागे वळून बघतो, आणि मग पुन्हा मान वळवत नाही, कारण एक भयंकर पिशाच अगदी पाठीशी चालत येतं आहे हे त्याला कळलेलं असतं.

यादीतल्या अवतरणांवर 'भीतीचं वातावरण' असं एक टिपण हमखास असतं, आणि माझ्या भाचीच्या वहीतही तेच होतं. आम्ही दोघी त्यावर बसलो होतो तेव्हा तिने विचारलं, "मावशी, पण त्याच्या मागे खरंच कुणी आलं होतं का?" प्रश्न अगदी मर्माचा होता. कुणीच आलं नव्हतं. त्या रात्री त्या जीवाने केलं ते इतकंच : पलंगाचा पडदा बाजूला केला, काहीतरी अस्पष्ट पुटपुटला, गालांवर हसण्यासारखी सुरकुती आली, आणि एक हात पुढे केला. नुकतंच जन्मलेलं मूल करेल तेवढंच. आणि व्हिक्टर त्याच्यासाठी कवितेतलं पिशाच उसनं घेतो. त्या जीवाने अजून कुणाच्या अंगाला बोटही लावलेलं नाही, पण अवतरणाने त्याच्यावर शिक्का मारून झाला.

भाची म्हणाली, "मग पहिल्या पानावरचं त्याचं आणि हे व्हिक्टरचं, अशी दोन अवतरणं एकमेकांसमोर उभी आहेत." मी याहून नेमकं सांगू शकले नसते. मुलाने निवडलेलं नव्हे, पण मुलाच्या वतीने ठेवलेलं मिल्टनचं, आणि बापाने निवडलेलं कोलरिजचं. एकात प्रश्न आहे, दुसऱ्यात पाठ फिरवून चालत राहणं. मान वळवायची नाही, हे व्हिक्टर पुढे आयुष्यभर करतो.

या प्रकरणानंतर अवतरणं कमी महत्त्वाची होतात असं नाही, पण मला मुद्दाम सांगायची आहे ती एकच पुढची जागा. रानात त्या जीवाला चामड्याची एक पेटी सापडते. तिच्यात कपडे आहेत आणि तीन पुस्तकं : प्लुटार्कची चरित्रं, गटेचं 'वेर्थर', आणि 'पॅरडाइज लॉस्ट'. हे शेवटचं तो खराखुरा इतिहास म्हणून वाचतो. आधी स्वतःला आदमाशी ताडून पाहतो, मग सैतानाशी. व्हिक्टरला बर्फाच्या पठारावर भेटतो तेव्हा म्हणतो, मी तुझा आदम असायला हवा होतो, पण मी पतित देवदूत झालो आहे, काही अपराध नसताना सुखातून हाकललेला. म्हणजे शीर्षकपृष्ठावरच्या त्या तीन ओळी ज्या पुस्तकात आहेत ते पुस्तक त्याने वाचलं आहे. आपल्या नशिबाचं नेमकं वाक्य त्याच्या डोळ्यांखालून गेलेलं असणार. लेखिका तो क्षण दाखवत नाही. तिने तो आधीच पहिल्या पानावर आपल्या हाती दिला आहे.

त्या प्रश्नाला उत्तर मिळतं का? व्हिक्टर मरणशय्येवर वॉल्टनला सांगतो की गेले काही दिवस मी माझं मागचं वागणं तपासून पाहतो आहे, आणि ते मला दोषास्पद वाटत नाही. त्याच बोलण्यात तो हेही मान्य करतो की मी एक विचार करणारा जीव निर्माण केला, आणि त्याचं सुख, त्याचं भलं, माझ्या शक्तीप्रमाणे सांभाळणं हे माझं कर्तव्य होतं. पण त्याहून मोठं कर्तव्य माणसांप्रति होतं, असं तो म्हणतो. मिल्टनच्या ओळींना सगळ्या कादंबरीत याहून जवळ जाणारं उत्तर नाही. आणि हे तो सांगतो वॉल्टनला. ज्याचा तो हक्क होता तो केबिनमध्ये येतो तेव्हा व्हिक्टर गेलेला असतो.

मग त्या प्रेतावर वाकून तो जीवच क्षमा मागतो. भाचीच्या मते मिल्टनच्या आदमाने देवाला मोकळं केलं होतं, तेच मेरी शेलीने इथवर राखून ठेवलं आणि शेवटी त्या जीवाकडून करवून घेतलं. मला हे पटत नाही. आदम दोष स्वतःकडे घेतो, पण त्याला ऐकणारा देव आहे, सोबतीला ईव्ह आहे. या जीवाकडे दोन्ही नाहीत, आणि क्षमा मागून झाल्यावर लगेच तो वॉल्टनला सुनावतो की सगळं जग माझ्याशी वाईट वागलं, मग गुन्हेगार मी एकटाच का? माझ्या मते तो प्रश्न मागे घेत नाही, पुन्हा विचारतो. पुढच्या सुट्टीत आम्ही दोघी तो शेवटचा भाग मोठ्याने वाचणार आहोत, मिल्टनचा दहावा सर्ग शेजारी ठेवून.